लहान मुलांचे बोल आणि शाळेतलं पहिलंवहिलं कसं जपून ठेवावं?

प्रश्न असा आहे: मुलगी पावणेचार वर्षांची, जूनपासून छोट्या शिशुत जाते. रोज काहीतरी भन्नाट बोलते, पण आठवड्याने ते आठवत नाही. हे सगळं आणि शाळेतली प्रगती कशी टिपून ठेवावी?

सर्वात आधी, त्यासाठी सुंदर, जाड पुठ्ठ्याची डायरी आणू नका. ती कपाटात जाऊन बसते. साधी शंभर पानी वही आणि दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन स्वयंपाकघरात, हाताला येईल अशा जागी ठेवा. शाईचं पेन नको, पावसाळ्यातल्या दमट हवेत अक्षरं फुटतात. वाक्य कानावर पडलं की तिथल्या तिथे लिहायचं. रात्री निजानीज झाल्यावर लिहायला बसलात तर आपण नकळत ते वाक्य मोठ्यांच्या व्याकरणात बसवतो आणि नेमकी गंमत तेवढी गळते.

प्रत्येक नोंदीत तारीख, वय, तिचे शब्द जसेच्या तसे, आणि त्याआधी कोण काय म्हणालं होतं ते हवं. शेवटचं बहुतेक जण विसरतात. नुसतं ‘कुकर कुठंय?’ लिहिलंत तर दोन वर्षांनी तुम्हालाही काही कळणार नाही. ‘रिक्षावाले काका म्हणाले, ही गाडी गॅसवर चालते. ती: मग कुकर कुठंय?’ असं लिहिलं की प्रसंग पुरा होतो. वय वर्षं आणि महिन्यांत लिहा, उदाहरणार्थ ३;१०. बालभाषेचे अभ्यासक असंच लिहितात. या वयात तीन महिन्यांचा फरकही मोठा असतो, त्यामुळे नुसतं ‘तीन वर्षांची असताना’ पुरत नाही. चार्ल्स डार्विनने थोरल्या मुलाच्या बाळपणी ठेवलेल्या टिपणांवरून तब्बल ३७ वर्षांनी, १८७७ साली लेख लिहिला. टिपणं त्या त्या वेळची होती, म्हणूनच ते जमलं.

आता टिपायचं काय? माझ्या मते सुविचारासारखी गोड वाक्यं कमी आणि ‘चुका’ जास्त. ‘बाबा ऑफिसला जाला’, ‘मी चित्र करलं’, ‘आजी येली’. बसला, उठला, पळला ऐकून ऐकून मुलाने स्वतःच नियम काढलेला असतो आणि तो गेला, केलं, आली या अपवादांनाही लावलेला असतो. कधी कधी आधी ‘गेला’ असं बरोबर म्हणणारं मूल मध्येच ‘जाला’ म्हणू लागतं आणि घरचे घाबरतात. ही पीछेहाट नव्हे. आधी तो ऐकून उचललेला सुटा शब्द होता, आता त्या जागी नियम आला आहे. ‘असं नाही म्हणायचं’ म्हणू नका. ‘हो, बाबा गेला ना ऑफिसला’ एवढं उत्तर पुरतं, काही काळाने रूप आपोआप सुधारतं. मोठ्या भावाबरोबर खेळणारी मुलगी ‘मी जातो’ म्हणते, तेही लिहून ठेवा.

आकड्यांची वेगळी दोन पानं ठेवा. एकोणतीसनंतर ‘वीस दहा’ म्हणणारं मूल चुकत असलं तरी तर्काने चुकतं. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव ही नावं जवळजवळ एकेक करून पाठच करावी लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी जोड पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मुलं मात्र ती पद्धत स्वतःच शोधतात.

उच्चार कागदावर नीट उतरत नाहीत. ‘लिक्शा’ लिहिता येतं, पण आवाज राहत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा फोनवर मिनिट-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. पंखा आणि टीव्ही बंद, फोन हातभर अंतरावर पण तिच्या नजरेआड. ‘बोल ना, परवा काय म्हणालीस?’ अशी फर्माईश केली की मूल गप्प होतं, नाहीतर नाटकी बोलतं. त्यापेक्षा चित्रांचं पुस्तक समोर ठेवून तिलाच गोष्ट सांगू द्या. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, म्हणून मूळ फाइल फोनबाहेर आणखी एका ठिकाणी ठेवा.

शाळेचं म्हणाल तर पहिल्या दिवसाचा फोटो सगळेच काढतात. त्याहून बोलके असतात ते कागद. तीनच्या आसपास रेघोट्यांतून बंद गोल येतो, पुढे त्या गोलालाच हातपाय फुटतात, धड बरंच नंतर येतं. महिन्याला दोन-तीनच कागद ठेवा, बाकीच्यांचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा. मागे पेन्सिलीने तारीख आणि ‘हे काय आहे’ याचं तिने दिलेलं उत्तर लिहा. तेलखडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर रंग पुढच्या कागदाला चिकटतो. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते. स्केचपेनचा रंग उजेडात उडतो, म्हणून ती चित्रं भिंतीवर फार काळ ठेवू नका. फाइल भिंतीला टेकवलीत तर पावसाळ्यात ओल आणि कसर ठरलेली.

उलटी अक्षरंही जपा. ३ आणि ६ ही तर एकमेकांची आरशातली रूपं, शिवाय मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी क-च्या उजवीकडे जाते, कारण कानाला ती नंतर ऐकू येते. सहा-सात वर्षांपर्यंत असं उलटसुलट लिहिणं सर्रास दिसतं.

दोन गोष्टी मात्र टाळा. तिचं बोलणं तिच्यादेखत पाहुण्यांना सांगून हसू नका, आणि शाळेचा गणवेश किंवा ओळखपत्र दिसणारा फोटो जाहीर टाकू नका.

र, ळ आणि जोडाक्षरं उशिरा येतात, त्याची घाई नको. पण चौथ्या वर्षी परक्या माणसाला तिचं बहुतेक बोलणं कळत नसेल, किंवा कुठल्याही वयात येत असलेले शब्द गळायला लागले, तर वाट न पाहता आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते आणि गरज पडल्यास पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. जाताना ही वही आणि रेकॉर्डिंग बरोबर न्या. कोणता शब्द कधी आला, कधी गेला, हे डॉक्टर विचारतातच.