रशियातल्या कझान शहराच्या किल्ल्यात मशीद आणि चर्च शेजारीशेजारी आहेत, तसा फोटोही दिसतो. तिथलं हे सहजीवन खरंच इतकं जुनं आहे का?

सहजीवन खरं आहे, पण ते त्या फोटोत शोधू नका.

फोटोतली निळ्या घुमटाची कुल शरीफ मशीद २००५ साली उघडली, शहराची सहस्राब्दी साजरी झाली तेव्हा. जवळचं ब्लागोव्हेश्चेन्स्की कॅथेड्रल मात्र सोळाव्या शतकातलं आहे. मधली साडेचारशे वर्षं किल्ल्यात मशीदच नव्हती, आणि सगळी गोष्ट त्या साडेचारशे वर्षांत आहे. मी शिकायला तिथे होतो तेव्हा पाहुण्यांना आधी किल्ला दाखवायचो. नंतर नंतर थेट काबान तळ्याकडेच न्यायला लागलो.

कझान ही तातार (तुर्की भाषा बोलणारे, मुख्यतः मुसलमान लोक) खानांची राजधानी होती. व्होल्गा नदीवरचा व्यापार हातात असलेलं हे शहर मॉस्कोच्या डोळ्यांत सलत होतं. चौथ्या इव्हानने (तोच 'इव्हान द टेरिबल') वेढा घातला, तटाखाली सुरुंग लावले आणि ऑक्टोबर १५५२ मध्ये शहर घेतलं. कुल शरीफ हे तिथले इमाम, त्या लढाईत मारले गेले. मॉस्कोच्या लाल चौकातलं रंगीबेरंगी घुमटांचं सेंट बेसिल कॅथेड्रल सगळ्यांना माहीत असतं. ते याच विजयाचं स्मारक आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तातारांना मग तटाच्या आत राहायला बंदी झाली. ते काबान तळ्याच्या काठी सरकले आणि तिथे 'जुनी तातार वस्ती' उभी राहिली. १७४० च्या दशकात कझान परिसरातल्या चारशेहून जास्त मशिदी पाडल्या गेल्या. वारं फिरलं ते रशियाची राणी कॅथरीन दुसरी हिच्या काळात. तिच्या परवानगीने तळ्याजवळ दगडी मशीद बांधली गेली, आजची मर्जानी मशीद. मिनार फार उंच होतोय अशी तक्रार गेली तेव्हा राणी म्हणाली, जमीन मी नेमून दिली, आकाश माझ्या हातात नाही. ही दंतकथा असावी, पण तातार मंडळी ती रंगवून सांगतात. १७७३ मध्ये तिने धर्मसहिष्णुतेचा हुकूम काढला. मला यात उदारपणापेक्षा हिशेब जास्त दिसतो: मध्य आशियाशी व्यापार करायला तातार व्यापारी हवे होते, त्यांची भाषा आणि धर्म तिकडे चालत होता.

त्या हिशेबातून मात्र बरंच काही उगवलं. एकोणिसाव्या शतकात कझानमध्ये छापलेली कुराणं दूरदूर जात. मर्जानींसारखे (मशिदीला नाव त्यांचंच) विद्वान मदरशांच्या सुधारणेबद्दल लिहीत होते. त्याच गावात १८०४ मध्ये विद्यापीठ निघालं. तिथे लोबाचेव्हस्कीने युक्लिडला सोडून नवी भूमिती मांडली, तोल्स्तोय शिक्षण अर्धवट टाकून गेला आणि तरुण लेनिनला १८८७ मध्ये काढून टाकलं.

सोव्हिएत काळातला घाव कमी दिसतो, पण खोल आहे. तातार भाषेची लिपी १९२७ च्या सुमारास अरबीवरून लॅटिन झाली आणि १९३९ मध्ये रशियन. एका पिढीत दोनदा! आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईना. आता मेट्रोत घोषणा तातारमध्येही होतात, पण २०१७ पासून शाळेत ती सक्तीची राहिली नाही. घरात रशियनच जास्त, अशी कुटुंबं मी खूप पाहिली.

नदीही जुनी नाही बरं का. किल्ला कझांका नदीवर आहे, व्होल्गा तिथून काही किलोमीटर लांब होती. १९५० च्या दशकात खाली कुइबिशेव्ह धरण झालं, पाणी चढलं आणि व्होल्गा शहराला येऊन भिडली. १५५२ मध्ये पडलेल्या रशियन सैनिकांचं पिरॅमिडसारखं स्मारक त्यामुळे बेटावर आलं.

मग सहजीवन कुठे पाहायचं? लग्नांत. तातार-रशियन जोडपी तिथे अगदी नेहमीची आहेत आणि दोन्हीकडच्या सणांना जेवायला बोलावणं येतं. चाकचाक (मधात घोळवलेले तळलेले कणकेचे तुकडे) खायला मिळेल. मांस-बटाट्याचा तिकोनी एचपोचमाक मात्र गरमच खा, थंड झाला की मजा जाते.

जायचं असेल तर जूनमध्ये सबांतुय गाठा. पेरण्या आटोपल्यावरचा सण आहे. कमरेला पट्टा लावून कुस्ती होते, जिंकणाऱ्याला मेंढा मिळतो, आणि आखाड्याभोवती रशियन पोरंही तितक्याच जोरात ओरडत असतात.