रहिवासी की रहिवाशी? आणि 'स्थानिक' म्हणजे कुठवर?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांनी सासरच्या गावी अंगणवाडी मदतनीस पदासाठी अर्ज केला. जाहिरातीत अट होती 'स्थानिक रहिवासी' असण्याची. ग्रामपंचायतीनं दिलेल्या दाखल्यावर शब्द आला 'रहिवाशी'. यादीवर हरकती मागवल्या तेव्हा दुसऱ्या उमेदवाराच्या घरच्यांनी तीन मुद्दे काढले. एक, दाखल्यातला शब्द जाहिरातीतल्या शब्दाशी जुळत नाही. दोन, या बाईंच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता आहे, म्हणजे त्या मूळच्या इथल्या नाहीत, शिवाय त्या राहतात ते घर गावात नसून वाडीवर आहे. तीन, रहिवासी दाखला चालतच नाही, 'अधिवास' लागतो. ताईंचा प्रश्न एवढाच होता : "रहिवासी, रहिवाशी, वास्तव्य, अधिवास यांत बरोबर शब्द कोणता?"

सुनावणीत काय होईल हे सांगणारा मी कोणी नाही. शब्दांपुरतं मात्र बोलता येईल, आणि या भांडणात शब्दांचाच वाटा मोठा आहे.

आधी सोपं. प्रमाणलेखनात 'रहिवासी'. पण 'रहिवाशी' लिहिणाऱ्या ग्रामसेवकाला (२०२४पासून पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं) अडाणी ठरवायचं कारण नाही. मूळ शब्द 'सी'नं संपतो, पण प्रत्यय लागायची वेळ आली की तो 'शा' होतो : रहिवाशांना, रहिवाशांचा. प्रवासी, प्रवाशांना, निवासी, निवाशांना. यामागे मराठीची जुनी खोड आहे. 'स'ला 'य' येऊन भिडला की त्याचा 'श' होतो. म्हणून पैसा पण पैशाला, मासा पण माशाला, ससा पण सशाला. ग्रामपंचायतीच्या फलकावर 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की' हे वाक्य रोज डोळ्यांखालून गेलं की माणूस उलटा हिशेब करतो आणि 'रहिवाशांना' आहे म्हणजे मूळ शब्द 'रहिवाशी' असणार असं धरून चालतो. 'प्रवाशी'ही असाच तयार झाला. 'आदिवासी' तेवढा यातून बराच सुटला, कारण तिथे आपण आता बहुधा 'आदिवासींना' म्हणतो.

बरं, अस्सल मराठी शब्दांत 'सी'चा 'शी' होणं हेच वळणाचं आहे. म्हैस पण म्हशी, तुळस पण तुळशी. संस्कृत 'सीमा' मराठीच्या तोंडी बसली ती 'शीव' होऊन. मुंबईतलं शीव स्थानक आजही ती हद्द सांगत उभं आहे. 'रहिवासी' हा शब्द मधल्यामध्ये अडकला आहे. 'रहि' हा तुकडा आपल्या राहण्यातला, 'वासी' संस्कृतातला. दोन्हींचा अर्थ एकच, जसा 'कागदपत्र'मध्ये कागदही आहे आणि पत्रही. संस्कृताकडे झुकलं की 'सी', मराठीकडे झुकलं की 'शी'. तेव्हा पहिल्या हरकतीचं उत्तर असं, की हे दोन शब्द नाहीत. एकाच शब्दाचं एक लेखन प्रमाण आहे, दुसरं बोलीच्या वळणाचं. अर्थामध्ये तिळाएवढाही फरक नाही. (याच्याशेजारी दिसणारा 'रहदारी' मात्र परका आहे. तो फारसी 'राह' म्हणजे वाट, त्यातला. रहिवासी राहतो, रहदारी जाते.)

आता 'वास्तव्य'. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यानं गाव बदललं आहे. 'तव्य' लागला की साधारणपणे 'करायला हवं ते' असा अर्थ येतो, कर्तव्य किंवा ज्ञातव्य यांसारखा. पण 'वस्' धातूपुरता संस्कृत व्याकरणकारांनी वेगळा नियम सांगून ठेवला आहे, की इथे हा प्रत्यय कर्त्याला लागतो. म्हणजे संस्कृतात 'वास्तव्य' हा चक्क माणूस आहे, राहणारा. मराठीत येता येता माणूस गेला आणि त्याचं राहणं उरलं : 'त्यांचं वास्तव्य पुण्यात आहे.' 'वास्तव'पासून हा शब्द आलेला नाही, तरी अर्जातली 'वास्तव्याची अट' वाचताना प्रत्यक्ष राहण्याचा, खऱ्याखुऱ्या मुक्कामाचा वास त्याला येतो खरा. आपल्या कामापुरतं सांगायचं तर रहिवासी ही व्यक्ती आणि वास्तव्य हे तिचं राहणं. अट एकच.

'अधिवास' मात्र खरोखर वेगळा आहे, आणि तिसरी हरकत इथेच घसरते. देवळातल्या मंडळींना हा शब्द निराळ्या अर्थानं ठाऊक असतो. प्राणप्रतिष्ठेआधी मूर्ती पाण्यात ठेवतात तो जलाधिवास, धान्यात ठेवतात तो धान्याधिवास. कायद्यानं तोच शब्द 'डोमिसाइल'साठी घेतला. संविधानाच्या अनुच्छेद ५ मध्ये नागरिकत्वाच्या संदर्भात येतो तो हा अधिवास, आणि तो भारताचा असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८४मध्ये प्रदीप जैन खटल्यात सांगितलं की भारतात अधिवास एकच, देशाचा. राज्याराज्यांचे वेगळे अधिवास नसतात, आणि राज्यं तो शब्द वापरतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं कायमचं राहणं. तरीही तहसीलच्या खिडकीवर 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' असं जोडनावाचं प्रमाणपत्र मिळतंच, आणि महाराष्ट्रात त्यासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मूर्तीचा अधिवास एखाद्या रात्रीत उरकतो, माणसाला १५ वर्षं लागतात!

विनोद सोडा. मुद्दा असा की अधिवास प्रमाणपत्र सांगतं 'ही व्यक्ती महाराष्ट्राची', आणि रहिवासी दाखला सांगतो 'ही व्यक्ती या गावात राहते'. गडचिरोलीतल्या बाईकडेही महाराष्ट्राचा अधिवास असतो आणि सिंधुदुर्गातल्याही. त्या कागदावरून त्या एकमेकींच्या गावात स्थानिक ठरत नाहीत. एखाद्या जाहिरातीत दोन्ही कागद मागितले असतील तर दोन्ही द्यावेत, त्यात वाद नाही. पण 'रहिवासी' या शब्दातून 'अधिवास' ओढून काढता येत नाही. तो मोठा शब्द आहे म्हणून त्यात छोटा आपोआप मावतो, असंही नाही.

दुसरी हरकत खरी गुंतागुंतीची. ती 'मूळच्या' या शब्दावर उभी आहे.

मराठी माणूस 'तुमचं गाव कोणतं?' या प्रश्नाला जे उत्तर देतो ते बहुतेकदा तो राहतो त्या जागेचं नसतं. चाळीस वर्षं डोंबिवलीत काढलेला गृहस्थ 'आमचं गाव राजापूर' म्हणतो, आणि त्याला कोणी खोटं ठरवत नाही. आपल्याकडे 'गाव' हा मुळाचा प्रश्न आहे, पत्त्याचा नव्हे. पोलीस आणि कोर्टाच्या कागदांनी हा घोळ ओळखून फार पूर्वीच दोन रकाने केले : 'मूळ रा.' आणि 'हल्ली रा.'. हा 'रा.' म्हणजे 'राहणार'. रूप पाहिलं तर भविष्यकाळाचं, काम मात्र वर्तमानाचं. राहत आला आहे, राहतो आहे, पुढेही राहील, असं सगळं त्या एका अक्षरात बसतं. त्याच्या शेजारचा 'मु. पो.'मधला मुक्काम याच्या अगदी उलट. पालखीचा असतो तो मुक्काम, रात्रीपुरता, सकाळी हलणारा. पण पत्त्यावर लिहिला की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच.

तर जाहिरातीत 'मूळ रहिवासी' लिहिलेलं आहे का? नाही. 'जन्मानं' आहे का? नाही. 'स्थानिक रहिवासी' एवढंच आहे. 'रहिवासी' या शब्दात कुठून आली हे विचारलेलं नसतं, कुठे राहते हे विचारलेलं असतं. आधारवरचा जुना पत्ता हा पुराव्याचा प्रश्न झाला, शब्दाच्या अर्थाचा नव्हे. त्याच्यासमोर रेशनकार्डावरचं नाव, मतदार यादी, विवाह नोंदणी असे दुसरे पुरावे मांडता येतात.

इथे एक गोष्ट मला बोचते. हा सगळा वाद बाईच्याच वाट्याला येतो, कारण आपल्याकडे गाव बदलते ती बाई. पुरुषाला 'वासी' पुरतो : मुंबईवासी, ग्रामवासी. बाईसाठी भाषेनं 'वाशीण' केली ती दोनच ठिकाणांची, माहेरवाशीण आणि सासुरवाशीण. (बघा, इथे 'शी' किती निमूटपणे मान्य झाला!) 'गाववाशीण' असा शब्द आपण घडवला नाही. दाखल्याचा छापील नमुनाही पुष्कळदा 'सदर इसम हा' असा सुरू होतो आणि 'इसम' खोडून वर हातानं 'महिला' लिहितात. आणखी गंमत 'सुवासिनी'ची, जिची बोलीत 'सवाष्ण' झाली. आज आपण तिचा अर्थ नवरा हयात असलेली बाई एवढाच घेतो. संस्कृत कोशांत मात्र तिचा एक अर्थ 'वडिलांच्या घरी राहणारी स्त्री, लग्न झालेली किंवा न झालेली' असाही दिला आहे. म्हणजे लग्नानंतर बाई कुठची, हा वाद त्या शब्दाच्या पोटात आधीपासूनच आहे.

उरला 'स्थानिक'. माझ्या मते सगळ्यात निसरडा शब्द हा, कारण तो हद्द सांगतो पण शीव दाखवत नाही. गावच्या भाषेत वेशीच्या आतलं ते गाव आणि बाहेरची ती वाडी, वस्ती, तांडा, पाडा. महसुलाच्या भाषेत या सगळ्यांचं मिळून एक 'महसुली गाव' होऊ शकतं. आणि ग्रामपंचायतीच्या भाषेत दोन-तीन महसुली गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असू शकते. तीन भाषा, तीन हद्दी, शब्द मात्र एकच, 'गाव'. म्हणूनच महाराष्ट्रात अलीकडच्या अंगणवाडी भरतीच्या जाहिरातींत 'संबंधित महसुली गाव' असं लिहून त्यात वाडी, वस्ती, पाडे धरल्याचं सांगितलेलं असतं. ताईंच्या जाहिरातीत तसं वाक्य असेल, तर वाडीवरचं घर हे गावातलंच घर. वाडी दुसऱ्या महसुली गावात मोडत असेल, तर मात्र ग्रामपंचायत एक असूनही पंचाईत. शब्दावर प्रेम असलेल्या माणसानं इथे सातबारा काढून पाहावा, त्याच्या माथ्यावर गावाचं नाव असतं.

आणि ही 'वाडी' म्हणजे 'अंगणवाडी'तली वाडी नव्हे बरं का. ती बागेची. बालवाडी म्हणजे मुलांची बाग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि मग कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम केलं तेव्हा मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. मला 'स्थानिक' अटीचा अर्थ या 'अंगणा'त सापडतो. मदतनिसेनं सकाळी घरोघरी जाऊन मुलं गोळा करायची असतात. कोणत्या घरी आजी आजारी आहे, कोणतं पोर काल जेवलं नाही, हे जिला अंगणातून दिसतं ती स्थानिक. त्यासाठी तिथे जन्मावं लागत नाही. पण तिथे झोपावं आणि उठावं मात्र लागतं. फक्त दाखल्यापुरतं गावात आणि बिऱ्हाड तालुक्याला, अशी जर कोणी असेल, तर तिच्यावरची हरकत मी शब्दाच्या बाजूनं रास्तच म्हणेन.

कोणी विचारेल, निवासाच्या कारणावरून सरकारी नोकरीत भेद करू नये असं अनुच्छेद १६ सांगतो, मग ही अट कशी? तिथेही पुन्हा शब्दच आहेत. अंगणवाडी सेविकेला मिळतं ते 'वेतन' नाही, 'मानधन' आहे, आणि सेविका हे नागरी सेवेतलं पद नव्हे असं सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये अमीरबी प्रकरणात म्हटलं. २०२२मध्ये त्याच न्यायालयानं मणिबेन भारिया प्रकरणात उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) कायद्यापुरतं हे मानधन वेतनातच मोडतं असं ठरवलं. मानाचं धन म्हणायचं आणि मान तेवढा देऊन धन राखून ठेवायचं, या आपल्या जुन्या सवयीला तो थोडा धक्का होता. पण तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधी.

ताईंना माझं सांगणं इतकंच : दाखल्यावरच्या 'शी'चा 'सी' पेनानं करू नका. शुद्धलेखनाची चूक कोणी मनावर घेणार नाही, पण खाडाखोड नक्की घेतील. नवा दाखला मागायचाच असेल तर त्यात वाडीचं नाव, ती ज्या महसुली गावात येते त्याचं नाव आणि किती काळापासून राहता हे तिन्ही लिहून मागा. 'कायमच्या रहिवासी' असं लिहून देतो म्हणाले तर 'कायमच्या'चा आग्रह धरू नका. लग्नाला दोनच वर्षं झालीत, त्या एका शब्दावर चौथी हरकत यायची.