घरी केलेल्या मेणबत्त्यांत खड्डा पडला, बूड तिरकं झालं, तर सगळं मेण परत वितळवायचं का?

नको. तुम्ही लिहिलंय की ग्लासात ओतलेल्या मेणबत्त्यांना वातीभोवती खड्डा पडलाय आणि साच्यातून काढलेल्या जाड मेणबत्त्या टेबलावर डुगडुगतात. यातल्या कशासाठीही आख्खी मेणबत्ती मोडावी लागत नाही.

खड्ड्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. पॅराफिन थिजताना १० टक्क्यांच्या वरच आकसतं. कडेचं मेण आधी थिजतं, मधलं शेवटी, आणि ते आकसताना वरचा पापुद्रा खाली ओढतं. डब्यात तूप थिजलं की मधे खळगा पडतो, तेच हे. म्हणून मेणबत्त्या करणारे दुसऱ्यांदा ओतायला थोडं मेण आधीच बाजूला ठेवतात.

भरण्याआधी विणकामाची सुई जराशी गरम करून वातीच्या आसपास दोन-तीन ठिकाणी खोल टोचा. सुई मेणातून रेटत जाते आणि मधेच एकदम सैल सुटते. सुटली, की तिथे आत पोकळी आहे. वरचा खड्डा उथळ दिसला तरी आतली पोकळी बोटभर खोल असू शकते. ती न भरता नुसता वरचा भाग सपाट केलात तर मेणबत्ती दिसेल छान, पण जळत जळत तिथवर आली की वितळलेलं मेण भसकन खाली उतरतं, वात उघडी पडते आणि ज्योत भडकते. भोकं थोडी मोठी करा, म्हणजे नवं मेण आत जाईल आणि हवा बाहेर येईल.

त्याच जातीचं मेण घ्या. पहिल्यांदा ओतलं होतं त्यापेक्षा चार-पाच अंश जास्त गरम हवं, नाहीतर ते जुन्याला धरत नाही. ७५ ला ओतलं असेल तर आता ८०. हळूहळू ओता आणि जुन्या कडेच्या किंचित खाली थांबा. कडेवर गेलं की ते काच आणि मेण यांच्या फटीत उतरतं आणि डाग दिसतो. सोया मेण असेल आणि वरचा भाग नुसता खडबडीत असेल, तर हेअर ड्रायर कमी वेगावर लांबून फिरवा. वरचा थर वितळून आपोआप समतल होतो. पॅराफिनवर हा उपाय मला फारसा पटत नाही, आतली पोकळी तशीच राहते.

बुडासाठी पातेल्यात पाणी उकळा, वर स्टीलची सपाट ताटली ठेवा, ती कोरडी पुसा. खाली आलेली वात कापून मेणबत्ती तिच्यावर सरळ उभी धरा आणि न दाबता गोल फिरवत राहा. उंच बाजू आधी वितळते. मधूनमधून उचलून ओट्यावर ठेवून बघा, एकदा समोरून, एकदा बाजूने. तवा थेट गॅसवर ठेवून हे करू नका. वाफेवरच्या ताटलीचं तापमान शंभराच्या वर जात नाही, तव्याचं कुठवर जाईल याला धरबंध नाही.

पूर्ण वितळवायची वेळ येते ती वात चुकली तर: ज्योत सारखी विझते किंवा मधे नुसता बोगदा पडतो. तेव्हा तुकडे करा, जुन्या वाती काढा, पातेल्यातल्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा आणि मलमलीतून गाळा. काजळीचे कण राहिले तर नवी वातही तुंबते. रंगीत तुकडे सगळे एकत्र घातले की बहुतेक वेळा मातकट तपकिरी रंग येतो, तेव्हा रंगवार वेगळे वितळवा. जेलच्या मेणबत्त्या यात नकोतच. रंगासाठी मुलांचे क्रेयॉन घालायचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्यातलं रंगद्रव्य वातीत अडकतं.

मेण थेट आचेवर नको आणि ते सोडून जाऊ नका. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण टाका, पाणी अजिबात नाही. उरलेलं मेण बेसिनमध्येही ओतू नका. कागदी कपात थिजवून ठेवा, पुढच्या वेळी खड्डे भरायला लागेलच.