भाचीचा जबाब आहे, तिची तयारी करून घेऊ का?

प्रश्न: माझी ८ वर्षांची भाची क्लासच्या सरांबद्दल काहीतरी बोलली, बहिणीने लगेच पोलिसात तक्रार दिली. आता जबाब घ्यायला पोलीस येणारेत. घरात आजीपासून सगळ्यांनी तिला विचारून झालंय, दर वेळी थोडं वेगळं सांगते, कालपासून तर गप्पच आहे. ऐनवेळी गडबडायला नको म्हणून काय बोलायचं ते तिच्याकडून पाठ करून घेऊ का? – एक मावशी, सातारा

उत्तर: नको ताई, अजिबात नको. तुमची तळमळ कळते पण पाठ केलेला जबाब कोर्टात आरोपीचा वकील पहिल्या दोन प्रश्नांत उघडा पाडतो आणि मग पोरीचं खरंही खोटं ठरतं.

वेगळं सांगते म्हणजे खोटं बोलतीये असं नाही हो. तोच प्रश्न परत परत आला की लहान मुलांना वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं, मग ती समोरच्याला हवं ते शोधायला लागतात. १९८३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीत मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या आरोपाची केस झाली, शेकडो मुलांना असंच खोदून खोदून, उत्तर तोंडात घालून विचारलं, १९९० पर्यंत खटला चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही, कारण मुलांचं स्वतःचं काय नि मोठ्यांनी घातलेलं काय हेच वेगळं करता येईना.

म्हणून आता घरातली विचारपूस बंद करा, आजीलाही सांगा. ती आपणहून बोलली तर ऐका, फार तर "मग काय झालं?" एवढंच म्हणा. "सरांनी इथे हात लावला ना?" हे नाही, कारण त्यात उत्तर तुम्हीच देऊन टाकता. नंतर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, अवयवाला ती घरात जो शब्द वापरते तोच लिहा, सुधारू नका, आणि तुम्ही काय विचारलं होतं तेही लिहा. आधी जे विचारून झालंय तेही पोलिसांपासून लपवू नका.

जबाबाचं म्हणाल तर पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) मुलांच्या बाजूने बराच विचार करतो, फक्त आपण ते मागायला पाहिजे. जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला पीएसआय किंवा वरच्या अधिकारी मॅडमनी, युनिफॉर्म न घालता. आई किंवा तिच्या विश्वासाचं माणूस सोबत बसू शकतं, पण बसणाऱ्याने मधे बोलायचं नाही, डोळ्यांनी खुणावायचंही नाही. शक्य असेल तिथे व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असंही कायद्यात आहे, तर तसं विचारा. पुढे कोर्टातही वकील तिला थेट प्रश्न विचारत नाहीत, जजसाहेबांमार्फत विचारले जातात आणि आरोपी तिच्यासमोर येणार नाही याची काळजी घेतात.

तिला एवढंच सांगा, "एक मॅडम येणारेत, जे आठवतं ते सांग, नाही आठवलं तर आठवत नाही म्हण, कुणी रागावणार नाही." आणि बहिणीला म्हणावं बाल कल्याण समितीकडे (मुलांच्या संरक्षणासाठीची सरकारी समिती) सपोर्ट पर्सन मागून घे, तो तपासापासून खटला संपेपर्यंत सोबत असतो. काही अडलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.