पोत्यावरचे 22 टक्के

प्रश्न : माझ्याकडे आठ संकरित गाई आहेत. दोन दुकानांतून सरकी ढेप आणली, दोन्ही पोत्यांवर प्रथिने 22 टक्के. पण काळपट ढेप सुरू केली अन् दूध उतरलं. टक्के सारखे, मग फरक कुठं? गाईला किती पचलं हे मोजता येतं का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : भाऊ, पोत्यावरचा आकडा मुळात नायट्रोजनचा. केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या 1883 सालच्या पद्धतीनं नायट्रोजन काढतात अन् 6.25 नं गुणतात, झाली प्रथिनं. या हिशेबानं 46 टक्के नायट्रोजनवाल्या युरियात 287 टक्के प्रथिनं भरतात!

पचन गाईच्या पोटातच मोजावं लागतं. प्रयोगाच्या गाईच्या डाव्या कुशीत शस्त्रक्रियेनं कोटीपोटापर्यंत (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटापर्यंत) झाकणाचं छिद्र केलेलं असतं. बारीक जाळीच्या नायलॉन पिशवीत ढेप भरून आत सोडायची, 16 तासांनी काढून पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. नोकरीत मी अशा पिशव्या बऱ्याच धुतल्या. हाताचा वास जेवणाच्या ताटापर्यंत यायचा.

पिशवीतून गेलं ते बहुतेक कोटीपोटातल्या जंतूंच्या वाट्याचं. राहिलं ते पुढं पचेलच असं नाही. म्हणून तो उरलेला माल इवल्या पिशव्यांत भरतात, आम्ल अन् पेप्सिन (जठरातलं प्रथिनं पचवणारं द्रव्य) यांत भिजवतात, लहान आतड्याच्या तोंडाशी सोडतात अन् शेणातून वेचतात. एका मे महिन्यात मी घमेलं घेऊन गाईमागं बसलो होतो. बारा सोडल्या, अकरा मिळाल्या. बारावी दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर, उन्हात वाळलेली. बाद! काही ठिकाणी हे काम अंधांत्रं (आतड्याच्या बंद टोकाच्या पिशव्या) काढलेल्या कोंबड्यावर भागवतात. गाईचा हिशेब कोंबड्याकडून, पण चालतो.

प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं मात्र एकेक मोजावी लागतात. दुधाला बहुधा लायसिन अन् मेथिओनिनच कमी पडतं. ढेप जास्त तापली की लायसिन साखरेशी जखडतं, माल करपट रंगाचा होतो. नायट्रोजन तेवढाच राहतो, त्यामुळं टक्के हलत नाहीत. तुमच्या काळपट ढेपेवर माझा हाच संशय आहे. पण बुरशीनंही ढेप काळवंडते, तेव्हा आधी हुंगून पाहा. कुबट वास आला तर गाईपुढं टाकूच नका.

वास करपट असेल तर दोन्ही पोत्यांतून, मधल्या भागातला अर्धा-अर्धा किलो माल वेगवेगळ्या पिशवीत बांधा, चिठ्ठी लावा. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषणवाल्यांना भेटा अन् ‘एडीआयएन’ची (आम्लाच्या द्रावणात न विरघळणाऱ्या नायट्रोजनची) तपासणी कुठं होईल ते विचारा. जखडलेला नायट्रोजन त्यातच सापडतो.