कॅनडात सरकारी एथिक्स आणि प्रशासकीय अपिलांची वकिली: ‘मॅट’मधल्या एका वकिलाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘मॅट’ (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आणि उच्च न्यायालयात सेवाविषयक प्रकरणांची ११ वर्षांची वकिली, वय ३८, कॅनडाची पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घ्यायची आणि तिथे सरकारी एथिक्स व प्रशासकीय अपिलांच्या कामात वरिष्ठ वकील व्हायचं. जमेल का, वाट कोणती, आणि आत्तापासून काय करावं?

जमेल. पण तुम्ही याला एक काम समजताय, ती खरं तर दोन कामं आहेत. एथिक्सचा वकील घटना घडण्याआधी सल्ला देतो: ही भेट घ्यावी का, ही फाइल मी हाताळू का, निवृत्तीनंतर या कंपनीत जाऊ का. अपिलांचा वकील घडून गेल्यावर येतो: शिक्षा टिकते का, निर्णय टिकतो का. लहान संस्थेत दोन्ही एकाच्याच टेबलावर येतात आणि तिथेच घोटाळा होतो. ज्या अधिकाऱ्याला तुम्ही मार्चमध्ये सल्ला दिला, त्याच्याविरुद्ध त्याच विषयावर सप्टेंबरमध्ये खात्याची बाजू मांडता येत नाही. शिवाय सल्ला मागायला आलेला अधिकारी तुमचा अशील नसतो, अशील असते संस्था. हे पहिल्या भेटीतच, त्याने तोंड उघडण्याआधी, सांगावं लागतं. नाहीतर तो मन मोकळं करतो आणि नंतर वकील-अशील गोपनीयतेचा विशेषाधिकार कोणाचा यावर वाद होतो.

आधी सनद. भारतीय एलएलबीचं मूल्यमापन एनसीए, म्हणजे नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशन करते. राज्यघटना, फौजदारी कायदा, प्रशासकीय कायदा, कॅनडाच्या कायद्याची पायाभूत तत्त्वं आणि व्यावसायिक आचार हे ५ विषय जवळपास सगळ्यांना लागतात; गुण आणि पदवी पाहून आणखी वाढू शकतात. त्याशिवाय कायदेविषयक संशोधन आणि लेखनाचं वेगळं काम पूर्ण करावं लागतं. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के. परीक्षा ऑनलाइन, पुस्तकं उघडी ठेवून, त्यामुळे भारतात बसूनच उरकता येते आणि तसंच करावं. ‘ओपन बुक’ म्हणजे सोपी, असं समजून बरेच जण आपटतात. ३ तासांत पान शोधायला वेळ नसतो. प्रत्येक विषयाची २५-३० पानांची स्वतःची टिपणं आणि त्यांची अनुक्रमणिका हवी. तुमचा वेळ खाणारी गोष्ट वेगळीच: गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट एनसीएला जावी लागतात. अर्ज करायच्या दिवसापासून विद्यापीठाच्या खिडकीवर जाणं सुरू करा.

एनसीएचं प्रमाणपत्र म्हणजे सनद नव्हे. पुढे प्रांताची लॉ सोसायटी. ओंटारिओत बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा आणि मग आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी. त्याऐवजी ४ महिने प्रशिक्षण आणि ४ महिने प्रत्यक्ष काम असा एलपीपी नावाचा मार्गही आहे. कॉमन लॉ (इंग्लंड-भारतासारखी कायदापद्धत असलेल्या) देशात किमान १० महिने वकिली केलेल्यांना या अनुभवातून सूट मागता येते. तुमची ११ वर्षं आहेत, सूट मागता येईल. मागावी का हा वेगळा प्रश्न. माझ्या मते मागू नये, निदान पूर्ण नको. सरकारी कायदा विभागात किंवा न्यायाधिकरणात केलेलं आर्टिकलिंग हीच तुमची कॅनडातली पहिली ओळख आणि पहिला संदर्भ असतो. त्याशिवाय सनद हातात आणि फोन गप्प, अशी अवस्था येते.

वकिलीसाठी नागरिकत्व लागत नाही. ब्रिटिश कोलंबियाची ती अट १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अँड्र्यूज खटल्यात समानतेच्या कलमाखाली रद्द केली. संघीय सरकारच्या खुल्या भरतीत पूर्वी नागरिकांना प्राधान्य होतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पीआरधारकही त्याच रांगेत आले. म्हणजे तुमच्यासाठी दार पीआरलाच उघडतं, नागरिकत्वाच्या १,०९५ दिवसांची वाट पाहायची गरज नाही. सुरक्षा तपासणी मात्र होते, आणि तिथे मागच्या सगळ्या पत्त्यांचा व नोकऱ्यांचा सलग हिशेब लागतो. भाड्याच्या घरांचे करार जपून ठेवा.

वयाचं बोलायचं तर एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरसाठीच्या गुणांवरच्या निवडपद्धतीत, तिशीपासून वयाचे गुण दरवर्षी घसरतात आणि ४५ ला शून्य होतात. म्हणून तुम्हाला माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला कायद्याचा नाहीच: फ्रेंच शिका. एनसीएलसी या फ्रेंचच्या मोजपट्टीवर चारही कौशल्यांत ७ ची पातळी गाठली तर पीआरच्या गुणांत भर पडते आणि फ्रेंचसाठीच्या वेगळ्या फेरीतही नाव येऊ शकतं. दुसरा फायदा त्याहून मोठा. ओटावातली बरीच वरिष्ठ पदं द्विभाषिक असतात. जाहिरातीत ‘सी-बी-सी’ लिहिलेलं असतं, म्हणजे वाचन सी, लेखन बी, बोलणं सी (ए, बी, सी यांत सी सगळ्यात वरची पातळी). बोलण्यातला ‘सी’ भल्याभल्यांना दोन-दोनदा परीक्षेला बसवतो. फ्रेंच नसेल तर वकिलांच्या श्रेणीत एलपी-०२ वर वर्षानुवर्षं बसावं लागतं आणि एलपी-०३ च्या जाहिराती नुसत्या वाचाव्या लागतात.

आता कामाकडे. तुमचं कौशल्य नेमकं कुठे चालतं आणि कुठे आडवं येतं, ते इथे समजून घ्या. तुमचा जन्म गेला अनुच्छेद ३११, १९७९ चे शिस्त व अपील नियम, दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी यांत. कॅनडात सरकारी नोकराला ३११ सारखं घटनात्मक संरक्षण नाही. संरक्षण येतं कायद्यातून आणि युनियनच्या सामूहिक करारातून. शिक्षा झाली की कर्मचारी ग्रीव्हन्स, म्हणजे खात्याकडे लेखी तक्रार, दाखल करतो: बऱ्याच करारांत मुदत २५ दिवस, करार नसेल तर नियमांप्रमाणे ३५. खात्यातल्या पायऱ्या संपल्या की ४० दिवसांत प्रकरण संघीय सार्वजनिक क्षेत्र कामगार संबंध व रोजगार मंडळाकडे पाठवता येतं, पण बडतर्फी, पदावनती, निलंबन किंवा आर्थिक दंड असेल तरच. नुसती लेखी ताकीद तिथे जात नाही.

मंडळापुढे सुनावणी नव्याने होते, आणि तुमची सवय इथेच अडखळेल. ‘चौकशी अहवालाची प्रत दिली नाही’, ‘साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली नाही’ हे आपल्याकडचे हुकमी मुद्दे तिथे बहुधा गळून पडतात. संघीय अपील न्यायालयाने टिपलच्या १९८५ च्या निकालात म्हटलं आहे की खात्याच्या पातळीवरचा नैसर्गिक न्यायाचा दोष नव्या सुनावणीत भरून निघतो. मग उरतात तीन प्रश्न, जे विल्यम स्कॉट या १९७७ च्या निर्णयापासून विचारले जातात: शिस्तभंगाला कारण होतं का, शिक्षा जास्त होती का, असेल तर योग्य शिक्षा कोणती? सिद्ध करायचा भार सरकारवर, आणि मोजमाप एकच, शक्यतेचं पारडं, म्हणजे घडल्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का. आरोप कितीही गंभीर असला तरी (मॅकडूगल, २००८). म्हणून सरकारी वकिलाची खरी तयारी पूर्वीच्या शिक्षांची तुलना, कर्मचाऱ्याची सेवा किती वर्षांची, पश्चात्ताप दिसला का, आणि विश्वासाचं नातं तुटल्याचा साक्षीदार कोण, यावर असते. कागदावर भक्कम वाटणारं प्रकरण हरतं ते बहुतेकदा व्यवस्थापक साक्षीला उभा राहून ‘मला ईमेल आठवत नाही’ म्हणतो तेव्हा. परिविक्षाधीन कर्मचाऱ्याचं वेगळं आहे: परिविक्षेत काढून टाकणं मंडळाकडे सहसा जातच नाही, परिविक्षेचं कारण हा केवळ देखावा होता हे कर्मचाऱ्याने दाखवलं तरच जातं. आपल्याकडचा ‘कलंक लावणारा आदेश’ हा युक्तिवाद तसाच उचलून नेऊ नका.

मंडळाचा निर्णय पटला नाही तर? नवखे संघीय न्यायालयात अर्ज टाकतात. तो चुकीचा दरवाजा. या मंडळासारख्या, संघीय न्यायालय कायद्याच्या २८व्या कलमात नावानिशी दिलेल्या संस्थांचे निर्णय थेट संघीय अपील न्यायालयात जातात, बाकीच्यांचे कलम १८.१ खाली संघीय न्यायालयात. मुदत दोन्हीकडे ३० दिवस. निवाडा मिळाल्याबरोबर पहिल्या पानावर दोन तारखा लिहून ठेवायच्या: मिळाल्याची आणि मुदत संपण्याची. नियम ३१७ खाली न्यायाधिकरणाकडची, तुमच्याजवळ नसलेली कागदपत्रं मागवायला विसरू नका, आणि नवा पुरावा शपथपत्रातून सहसा घुसवता येत नाही, कारण न्यायालयीन पुनर्विलोकन निर्णयकर्त्यापुढे होतं तेवढ्याच कागदांवर चालतं. लेखी युक्तिवाद ३० पानांत बसवायचा. ‘नम्रपणे सादर करण्यात येते की’ला तिथे जागा नाही.

पुनर्विलोकनाचा आजचा पाया म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा व्हाव्हिलोव्ह, २०१९ हा निकाल. (टोरोंटोत रशियन हेरांच्या पोटी जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाचा खटला, मूळ प्रश्न विसरला गेला, कसोटी राहिली.) गृहीतक असं की न्यायालय ‘वाजवीपणा’ पाहील आणि सुरुवात निर्णयाच्या कारणांपासून करील. कायद्याने अपिलाचा हक्क दिला असेल तर मात्र अपिलाचीच मोजपट्टी: कायद्याच्या मुद्द्यावर अचूकता, तथ्यांवर उघड आणि परिणामकारक चूक. आपल्याकडची ‘परव्हर्स फाइंडिंग’ची (पुराव्याशी विसंगत निष्कर्षाची) भाषा तथ्यांच्या या मोजपट्टीजवळ जाते, कायद्याच्या मुद्द्याच्या नाही. न्याय्य प्रक्रियेसाठी बेकर, १९९९ हा निकाल वाचा. तिथले ५ घटक परीक्षेत आणि कामात दोन्हीकडे लागतात.

न्यायाधिकरणाचाच वकील झालात तर वेगळीच कसरत. सदस्यांचे मसुदे तुम्ही वाचता, कायद्याच्या चुका दाखवता, पण निर्णय फिरवत नाही. ज्याने ऐकलं त्यानेच ठरवायचं, हे तत्त्व १९९० च्या कन्सॉलिडेटेड-बाथर्स्टमध्ये घट्ट झालं आहे. सदस्यांची चर्चा कायदा आणि धोरणापुरती चालते, तथ्यांवर नाही. समासात ‘हा साक्षीदार मला खोटा वाटतो’ असं लिहिणारा वकील पुढच्या पुनर्विलोकनाचा मुद्दा स्वतःच तयार करतो.

एथिक्सच्या बाजूला मंत्री, त्यांचे कर्मचारी आणि वरिष्ठ नियुक्त पदाधिकारी यांना २००६ चा हितसंबंध संघर्ष कायदा लागू होतो. अहवाल देणं बंधनकारक असलेल्या पदाधिकाऱ्याने नियुक्तीपासून ६० दिवसांत गोपनीय माहिती द्यायची, १२० दिवसांत नियंत्रित मालमत्ता (बाजारातले शेअर वगैरे) विकायची किंवा ब्लाइंड ट्रस्टमध्ये, म्हणजे मालकाला व्यवहार दिसत नाहीत अशा विश्वस्ताकडे, ठेवायची. एकाच व्यक्तीकडून १२ महिन्यांत २०० डॉलरपेक्षा जास्त भेटी झाल्या की कळवायचं. इथली नेहमीची चूक: २०० च्या आतली भेट चालते असं समजणं. २०० हा कळवण्याचा आकडा आहे, परवानगीचा नाही. प्रभाव पाडण्यासाठी दिली आहे असं वाटू शकेल अशी भेट १० डॉलरची असली तरी बंद. दुसरी चूक दंडाबद्दलची. ५०० डॉलरपर्यंतचा दंड आहे तो मुदती आणि माहिती चुकवल्याबद्दल. मूळ उल्लंघनाला शिक्षा म्हणजे एथिक्स आयुक्तांचा जाहीर अहवाल. तत्कालीन पंतप्रधान ट्रूडो यांच्यावरचे डिसेंबर २०१७ चा आगा खान यांच्या बेटावरील सहलीचा आणि ऑगस्ट २०१९ चा एसएनसी-लाव्हालिन या कंपनीच्या प्रकरणाचा, हे दोन्ही अहवाल ओळीने वाचा. तथ्यं, कलम, विश्लेषण यांची मांडणी कशी करायची, हे त्यांतून कळतं.

साध्या सरकारी नोकरांना हा कायदा लागू नाही, त्यांना ट्रेझरी बोर्डाचे (सरकारी नोकरवर्गाचे नियम ठरवणाऱ्या मंत्रिमंडळ समितीचे) निर्देश लागतात. त्यांत प्रत्यक्ष आणि संभाव्य संघर्षाबरोबर ‘वरवर दिसणारा’ संघर्षही येतो. कायद्याच्या व्याख्येत तो तसा नाही. सल्ला लिहिताना पहिली ओळ म्हणून ‘ही व्यक्ती कोणत्या चौकटीत’ हेच ठरवा, नाहीतर पुढची चार पानं वाया. आणि सल्ला नेहमी सांगितलेल्या तथ्यांवर बांधा: ‘तुम्ही दिलेल्या माहितीनुसार पत्नीचे या कंपनीत शेअर नाहीत’ असं लेखी नोंदवा. फाइलपासून दूर ठेवायचं असेल तर ‘दूर राहा’ एवढं पुरत नाही: कोणते विषय, फाइल कोण गाळून देणार, त्याच्या रजेत कोण, हे सगळं लिहून द्यावं लागतं. अधिकारी आणि फाइल यांच्यामधला हा पडदा फाटतो तो बहुतेकदा त्या रजेच्या आठवड्यातच.

तुम्ही स्वतः नोकरीत लागलात की तुमच्यावरही तेच निर्देश आहेत. गावाकडची शेतजमीन, एकत्र कुटुंबातला हिस्सा, भावाच्या फर्ममधली नावापुरती भागीदारी, यांपैकी कशाचाही तुमच्या कामाशी संबंध येऊ शकत असेल तर ६० दिवसांत सांगून टाका.

थेट ओटावाच्या मागे लागू नका, हेही सांगतो. ओंटारिओत १ मार्च २०१९ पासून प्रत्येक नगरपालिकेला इंटिग्रिटी कमिशनरची, म्हणजे नगरसेवकांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची, सोय करणं बंधनकारक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी हे काम खाजगी वकील कराराने करतात. नगरसेवकाविरुद्धची तक्रार, चौकशी, अहवाल, आणि कमाल शिफारस ९० दिवसांच्या मानधनकपातीची. विभागीय चौकशा कोळून प्यायलेल्या माणसाला हे काम पहिल्या आठवड्यात ओळखीचं वाटेल. अशा फर्ममध्ये २ वर्षं काढलीत की संघीय अर्जात दाखवायला कॅनडातले अहवाल असतात.

त्या अर्जाबद्दल शेवटचं. जाहिरातीतली प्रत्येक आवश्यक अट घेऊन तिच्याखाली कुठे, कधी, कोणत्या प्रकरणात, तुम्ही स्वतः काय केलं, हे लिहावं लागतं. ‘११ वर्षांचा सेवाविषयक अनुभव’ असं लिहिलेला अर्ज चाळणीतच बाद होतो, तुम्ही कितीही चांगले असलात तरी. म्हणून आजपासून एक वही करा: प्रकरणाचा प्रकार, मुद्दा, तुमची भूमिका, निकाल, तारीख, अशिलाचं नाव वगळून. आणि निघण्याआधी बार कौन्सिलकडून ‘गुड स्टँडिंग’चं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.