पेंटॅक्स के-१०००वर फिल्मसाठी कोणती जुनी सोव्हिएत लेन्स घ्यावी?

तुमच्याकडे पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा एसएलआर कॅमेरा (लेन्समधूनच बघून फोकस करायचा) आहे, रोल अजून वापरता, आणि दोन गोष्टी विचारल्यात: सोव्हिएत लेन्सपैकी कुठली घ्यावी, आणि मागची झाडं गोल फिरल्यासारखी दिसतात ते फिल्मवर खरंच येतं का.

येतं. लेन्स घ्या हेलिओस-४४-२, ५८ मिमी, एफ/२ (म्हणजे ती जास्तीत जास्त उघडते तो आकडा). नंतरच्या ४४एम-४, ४४एम-७ या जास्त नव्या असल्या तरी तुमच्या कॅमेऱ्याला मी त्या सुचवणार नाही. त्यांचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, बंद व्हायला कॅमेऱ्याने मागची पिन दाबावी लागते. या लेन्स एम४२ या स्क्रूच्या माउंटच्या, तुमच्या कॅमेऱ्याचा माउंट पेंटॅक्स के; म्हणून तुम्ही मध्ये ॲडाप्टर लावणार, मग पिन दाबणार कोण? लेन्स कायम एफ/२ वर उघडी राहील. ४४-२ मध्ये हे सगळं हाताने होतं. एका रिंगवर ॲपर्चर ठरवायचं, पूर्ण उघड्यावर फोकस करायचा, दुसरी रिंग फिरवून बंद करायचं, मग प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई बघायची. के-१०००चा मीटर या पद्धतीने व्यवस्थित चालतो.

एम४२ आणि पेंटॅक्स के या दोन्ही माउंटमध्ये फिल्मपर्यंतचं अंतर सारखंच, ४५.४६ मिमी. त्यामुळे माउंटच्या आत पूर्ण बसणारा ॲडाप्टर घेतलात तर दूरच्या डोंगरावरही फोकस लागतो. बाहेर कडा असलेले स्वस्त ॲडाप्टर लेन्सला थोडं पुढे ढकलतात आणि दूरचा फोकस जातो. ते टाळा. ज्युपिटर-८ ही दुसरी सोव्हिएत लेन्स कुणी स्वस्तात देऊ केली तरी नको. ती रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची (ज्यांत लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून फोकस करतात) लेन्स आहे, तुमच्या कॅमेऱ्यावर अगदी जवळचंच टिपेल.

आता त्या फिरणाऱ्या पार्श्वभूमीबद्दल, कारण मला या लेन्सचं खरं वेड तिथेच आहे. हेलिओसची रचना झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सची. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसच्या येना शहरातून तंत्रज्ञान सोव्हिएत संघात गेलं आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ही लेन्स घडली. कडेकडून तिरपा येणारा प्रकाश लेन्सच्या कडेवर अडतो, त्यामुळे मागचे प्रकाशाचे गोल कोपऱ्यांकडे बदामासारखे चपटे होत जातात आणि मध्याभोवती फेर धरतात. म्हणजे परिणाम सगळा कडांवर असतो. छोट्या सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यात नेमक्या त्याच कडा कापल्या जातात. ३५ मिमी फिल्मवर पूर्ण चित्र मिळतं, म्हणून तुमचा कॅमेरा या लेन्सची योग्य जागा आहे.

पण त्यासाठी एफ/२ वर उघडी ठेवावी लागते, आणि तुमचा शटर १/१०००च्या पुढे जात नाही. भर उन्हात ४०० आयएसओचा (प्रकाशाला जास्त संवेदनशील) रोल घालून हे जमणारच नाही. १०० आयएसओचा रोल घ्या, माणसाला मोकळ्या सावलीत उभं करा, एफ/२ ला साधारण १/१००० मिळतो. अंतर दीड-दोन मीटर, चेहरा मध्याजवळ, आणि मागे चार-सहा मीटरवर पानांतून झिरपणारा प्रकाश हवा. आमराई किंवा बांबूचं बेट उत्तम. मागे सपाट भिंत असेल तर काहीच फिरणार नाही.

समोरून ऊन आलं की चित्र फिकं पडतं, कारण काचेवरचा लेप साधा, एकपदरी आहे. ४९ मिमीचं हूड (लेन्सपुढचं ऊन अडवणारं कडं) लावा. कृष्णधवल रोलवर हाच फिकेपणा सावल्यांमध्ये तपशील उघडतो, मला तो आवडतो.

विकत घेताना मागून टॉर्च मारून आरपार बघा. बारीक ओरखडे चालतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी किंवा दुधाळ थर नको. स्क्रूच्या खाचा खरडलेल्या असतील तर कुणीतरी ती उघडलेली आहे, सोडून द्या. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर मात्र घाबरू नका: या लेन्समध्ये स्प्रिंगने झटकन मिटणारं काही नाही, हाताने फिरतंय तोवर काम चालतं. फोकसची रिंग जड असेल तर आतलं जुनं ग्रीस सुकलंय, चांगला कारागीर ते बदलून देतो. आणि जूनपासून ती चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, ओलावा धरून जेलचा रंग बदलला की ती तव्यावर परतून पुन्हा वापरा.